हिरण्यकेशीचे खोरे आणि नकाशांची सांगड

धरण, बंधारा, कालवा किंवा पूररेषा यांपैकी कोणतेही काम हाती घ्यावयाचे झाल्यास तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. पाणी कोठून येते, ते किती उंचीवरून वाहते आणि कोणाच्या जमिनीवर पसरते, हे ते तीन प्रश्न होत. या तिन्हींची उत्तरे एकाच नकाशावर मिळतील अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळ्या हेतूंनी व निरनिराळ्या काळी तयार केलेल्या नकाशांत ती विखुरलेली आहेत. त्यातून नदी दोन राज्यांतून वाहत असेल, तर प्रत्येक नकाशा सीमेपाशी येऊन थांबतो आणि नदी तेवढी पुढे जाते. बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यातील संकेश्वर हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

संकेश्वर हिरण्यकेशी नदीच्या काठी, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. येथील शंकराचार्यांचा मठ, साखर कारखाना आणि संकेश्वरी मिरची यांमुळे गावाचे नाव दूरवर परिचित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये हिरण्यकेशीचे पाणी येथील नदीकाठच्या वस्तीत शिरले. दोन्ही वेळा पाऊस प्रामुख्याने वरच्या अंगाला, म्हणजे महाराष्ट्रातील घाटमाथ्यावर झाला होता. पाणी मात्र कर्नाटकातील घरांत आले. पाऊस एका राज्याच्या नोंदवहीत आणि पूर दुसऱ्या राज्याच्या नोंदवहीत, अशी ही स्थिती आहे.

खोऱ्याची ओळख

हिरण्यकेशीचा उगम सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीजवळ होतो. तेथून ती कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा व गडहिंग्लज या तालुक्यांतून पूर्वेकडे वाहत येते आणि संकेश्वरच्या परिसरात कर्नाटकात प्रवेश करून पुढे घटप्रभेला मिळते. आंबोली ते संकेश्वर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६० कि.मी. भरते. नदीच्या वळणांनी ते अर्थातच बरेच अधिक आहे.

या अंतरात पर्जन्यमान इतके झपाट्याने उतरते की, दोन्ही टोके एकाच खोऱ्यातील आहेत हे नवख्या माणसास खरे वाटू नये. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हुक्केरी तालुका कमी पावसाच्या पूर्वपट्ट्यात मोडतो. त्यामुळे संकेश्वरात स्वच्छ ऊन पडलेले असताना नदी पात्राबाहेर पडली आहे, असा प्रसंग येथे अपवादात्मक नाही. गावातील पर्जन्यमापक पाहून पुराचा अंदाज करणारा मनुष्य अशा वेळी हमखास फसतो.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकलचे मोठे धरण आहे. तेव्हा संकेश्वरचा पूर त्या धरणाच्या दारांवर अवलंबून असला पाहिजे, असे अनेकांना वाटते. हिरण्यकेशी घटप्रभेस मिळते ती हिडकलच्या खालच्या बाजूस. तिचे पाणी त्या जलाशयात जातच नाही, आणि म्हणून ते तेथे अडवताही येत नाही. संकेश्वरला पूर येतो तो हिरण्यकेशीचा स्वतःचा. उलट खाली गोकाक शहराच्या बाबतीत हिडकलमधून सोडलेले पाणी, हिरण्यकेशीचे पाणी आणि मार्कंडेय नदीचे पाणी या तिन्हींची बेरीज करावी लागते. नकाशावर संगमाची जागा बोटाने दाखविली की ही गोष्ट एका क्षणात स्पष्ट होते. पूरकाळात दूरध्वनीवर ती समजावून सांगणे फार कठीण जाते.

पाणलोट रेषा कशी पाहावी यासाठी याच परिसरात एक उत्तम ठिकाण आहे. निपाणीहून महामार्गाने संकेश्वरकडे येताना तवंदीचा घाट लागतो. या डोंगररांगेच्या उत्तरेस पडलेला पाऊस वेदगंगेला मिळतो, वेदगंगा दूधगंगेला आणि दूधगंगा चिकोडीच्या भागात कृष्णेला मिळते. दक्षिणेस पडलेला पाऊस हिरण्यकेशी व घटप्रभेच्या मार्गाने लांबचा वळसा घेऊन बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला जातो. घाटमाथ्यावर पडलेले दोन थेंब वेगळे होतात ते शंभराहून अधिक किलोमीटरनंतर पुन्हा भेटतात. शाळेच्या सहलीत शिक्षकांनी मुलांना येथे उतरवून हे दाखवावे. पाठ्यपुस्तकातील जलविभाजक हा शब्द मग पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

रेषेचा हिशेब

ही रेषा केवळ भूगोलाची नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाची स्थापना १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली झाली. लवादाने आपला अहवाल १९७३ मध्ये व अंतिम निर्णय १९७६ मध्ये दिला. या लवादाने कृष्णेच्या संपूर्ण खोऱ्याची बारा उपखोऱ्यांत विभागणी केली. त्यांतील के-३ हे घटप्रभेचे उपखोरे असून ताम्रपर्णी व हिरण्यकेशी त्यातच येतात. महाराष्ट्राने या उपखोऱ्यातून एका जलवर्षात ७ अब्ज घनफुटांपेक्षा अधिक पाणी वापरू नये, अशी मर्यादा लवादाने घातली. वेदगंगा मात्र वरच्या कृष्णेच्या उपखोऱ्यात मोडते. म्हणजे कागल व गडहिंग्लज तालुक्यांच्या सरहद्दीवरील एखादा तलाव डोंगराच्या कोणत्या उतारावर आहे, यावर त्याचे पाणी कोणत्या खात्यात मांडावयाचे हे ठरते. रेषा अर्धा किलोमीटर चुकली तर हिशेब चुकतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली असून प्रत्येकास क्रमांक दिला आहे. हे काम अत्यंत उपयुक्त आहे. परंतु क्रमांकांची ही मालिका राज्याच्या हद्दीपाशी संपते. संकेश्वरच्या वरच्या बाजूचे ओढे एका मालिकेत आणि खालच्या बाजूचे ओढे दुसऱ्या राज्याच्या मालिकेत, असा प्रकार घडतो. पावसाच्या नोंदींचेही तसेच आहे. महाराष्ट्रात स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय बसविण्यात आली आहेत, तर कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती संनियंत्रण केंद्राची पर्जन्यमापके होबळी व ग्रामपंचायतनिहाय आहेत. मंडळ आणि होबळी हे दोन्ही महसुलाचे घटक आहेत, पाण्याचे नव्हेत. पाऊस मंडळात मोजला जातो, पण तो वाहून येतो खोऱ्यातून. दोन्ही राज्यांची केंद्रे एका खोऱ्याच्या नकाशावर मांडल्याशिवाय त्यांच्या आकड्यांना पुराच्या दृष्टीने अर्थ येत नाही.

चार पत्रकांच्या कोपऱ्यावरील गाव

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. या विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे आजही प्रत्येक जलसिंचन प्रकल्पाच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर असतात. पूर्वी त्यांचे प्रमाण एका मैलास एक इंच असे होते, पुढे ते १ : ५०,००० असे झाले. म्हणजे नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. पाणी निळ्या रंगाने, वस्ती व रस्ते लाल रंगाने, शेती पिवळ्या रंगाने आणि उंचीच्या समोच्च रेषा तपकिरी रंगाने दाखविण्याची पद्धत आहे.

जुन्या क्रमांकपद्धतीनुसार प्रत्येक पत्रक पंधरा मिनिटे अक्षांश व पंधरा मिनिटे रेखांश एवढा भाग व्यापते. संकेश्वर साधारणपणे १६ अंश १६ मिनिटे उत्तर अक्षांश व ७४ अंश २९ मिनिटे पूर्व रेखांश येथे आहे. त्यामुळे ते ४७ एल/७ या पत्रकाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात पडते. एल/७, एल/८, एल/११ आणि एल/१२ ही चार पत्रके ज्या बिंदूपाशी एकत्र येतात, तो बिंदू गावापासून तीन किलोमीटरच्या आसपास आहे. ज्यांना संकेश्वरचा परिसर पाहावयाचा आहे त्यांना चार पत्रके जोडावी लागतात. गडहिंग्लज एल/८ वर, आजरा एल/४ वर, आणि आंबोली तर सोळाव्या अक्षांशाच्या दक्षिणेस असल्याने ४८ क्रमांकाच्या निराळ्याच मालिकेत. नदी लहान असूनही तिच्यासाठी टेबलभर कागद पसरावे लागत आणि डिंकाने चिकटवलेल्या कडा नेमक्या नदीवरच येत.

संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीने ही अडचण दूर केली आहे. तिच्यात पत्रकांच्या कडा उरत नाहीत. नदी उगमापासून संगमापर्यंत सलग पाहता येते आणि तिच्यावर पाऊस, बंधारे, गावे, विहिरी असे निरनिराळे थर एकावर एक ठेवता येतात. महाराष्ट्रात नागपूर येथील सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व कर्नाटकात बंगळूर येथील तत्सम केंद्र १९८० नंतरच्या दशकात स्थापन झाले. दोन्ही केंद्रे आपापल्या राज्याच्या खात्यांना असे थर पुरवितात. सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतील नकाशे २०१७ पासून नागरिकांना संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरील बहुतेक परवानग्यांची अट काढून टाकली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झाले. नकाशा मिळत नाही, ही तक्रार आता फारशी उरलेली नाही. मिळालेले नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, ही तक्रार मात्र शिल्लक आहे.

शेताचा नकाशा व उंचीचा नकाशा

ग्रामस्थांच्या माहितीचा नकाशा वेगळाच आहे. तो म्हणजे गावनकाशा. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचा पाया गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे गडहिंग्लज व हुक्केरी या दोन्ही तालुक्यांतील जमिनी मूळ एकाच पद्धतीने, तेहेतीस फुटी शंकू साखळीने मोजल्या गेल्या. या साखळीचे सोळा आणे असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. पुढे महाराष्ट्रात हेक्टर-आर रूढ झाले, कर्नाटकाच्या उताऱ्यावर एकर-गुंठे राहिले. सुदैवाने गुंठा व आर यांत फरक अगदी किरकोळ आहे. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा, तर आर शंभराचा. नुकसानभरपाईच्या यादीत मात्र एकर व हेक्टर यांची गल्लत होऊ देऊ नये. हेक्टर हा जवळजवळ अडीच एकरांचा असतो.

गावनकाशावर प्रत्येक बांध, सर्वे नंबर, पाणंद व ओढा दाखविलेला असतो. त्यावर उंची मात्र कोठेच नसते. महसुलाला उंचीची गरज नव्हती. याच्या उलट स्थलनिर्देशक नकाशावर उंची असते, पण शेते नसतात. पूर कोणत्या शेतात शिरेल हे सांगावयाचे, तर एका नकाशाची उंची व दुसऱ्या नकाशाचे बांध एकत्र आणावे लागतात. संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे, आणि अडचणीही येथेच सुरू होतात.

पहिली अडचण जागेची. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले आहेत, तर उपग्रहावरून स्थान दाखविणारी आजची यंत्रे दुसरे, जागतिक आकारमान वापरतात. या दोहोंतील रूपांतर न करता यंत्राने घेतलेला बिंदू जुन्या पत्रकावर मांडला, तर संकेश्वरच्या परिसरात तो शंभर मीटरांहून अधिक सरकतो. नदीच्या डाव्या तीरावरील बंधाऱ्याची चावीघराची खोली नकाशात उजव्या तीरावर दिसण्यास एवढे पुरेसे आहे. भ्रमणध्वनीवर छायाचित्रासह कामाची जागा नोंदविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशा नोंदी तपासताना अधिकाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे आणि ती उंचीची आहे. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. धरणाची जागा निवडण्यास ते पुरेसे आहे. परंतु पूर वीस-वीस मीटरांच्या पायऱ्यांनी चढत नाही. घराचा उंबरठा भिजणे आणि चूल बुडणे यांत हातभराचे अंतर असते. नदीकाठची सगळी सखल वस्ती दोन रेषांच्या मधल्या एकाच कोऱ्या पट्ट्यात बसू शकते, आणि त्या पट्ट्यातील कोणती गल्ली आधी बुडेल हे नकाशा सांगत नाही. उपग्रहांवरून तयार केलेल्या उंचीच्या विनामूल्य मिळणाऱ्या नोंदींतही काही मीटरांची चूक संभवते. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात सर्वेक्षण विभागाकडून नदीकाठच्या पट्ट्यांची बारीक उंची घेण्याचे काम हाती घेण्यात आले, ते याच कारणाने.

उंची कोठून मोजावयाची, हाही प्रश्न आहेच. भारतातील तलचिन्हांची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून धरली जाते. हा आधारतल मुंबई, कारवार यांसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या निरीक्षणांवरून ठरविण्यात आला आणि देशभरच्या तलचिन्हांचे त्यानुसार समायोजन १९०९ मध्ये झाले. उपग्रहयंत्र जी उंची मूळ स्वरूपात देते ती समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. या भागात दोहोंतील तफावत साठ मीटरांहून अधिक आहे. एका खात्याने एक उंची व दुसऱ्याने दुसरी उंची लिहिली आणि कोणती हे नमूद केले नाही, तर धरण नदीच्या तळाखाली गेल्याचा चमत्कार कागदावर घडू शकतो.

नदीपुलावरील पाणीपट्टीचे वाचनही आधारतलाशी जोडल्याखेरीज निरुपयोगी ठरते. समजा, पुलावरील पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून ६३०.०० मीटरवर आहे आणि पट्टी ६.५० मीटर दाखविते. म्हणजे पाण्याची पातळी ६३६.५० मीटर झाली. एखाद्या गल्लीची उंची ६३६.२० मीटर असल्याचे मोजून ठेवलेले असेल, तर तेथे तीस सेंटिमीटर पाणी असणार हे कार्यालयात बसून सांगता येते. गल्लीची उंची ठाऊक नसेल तर त्याच वाचनाचा अर्थ पाणी वाढले एवढाच निघतो, आणि तो ग्रामस्थांना वाचनाशिवायही ठाऊक असतो. (वरील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.)

उपग्रह काय पाहतो आणि काय पाहत नाही

पूरकाळात आकाश ढगाळ असते, म्हणून साध्या छायाचित्राचा उपयोग होत नाही. रडारचा उपग्रह ढगांतून व रात्रीही पाहू शकतो. भारताचा रिसॅट-१ हा असा उपग्रह २०१२ मध्ये, तर त्याच मालिकेतील पुढचा फेब्रुवारी २०२२ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. युरोपीय सेंटिनेल-१ ची चित्रेही सर्वांना खुली आहेत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने कोल्हापूर, सांगली व बेळगाव भागांचे पूरनकाशे तयार केले. मदतकार्याला त्यांचा उपयोग होतो. राज्याची सीमा ज्यावर अडसर ठरत नाही असा हा बहुधा एकमेव नकाशा म्हणावा लागेल.

तथापि त्याच्या मर्यादा संकेश्वरसारख्या ठिकाणी विशेष जाणवतात. सेंटिनेल-१ मालिकेतील एका उपग्रहाला त्याच मार्गावरून पुन्हा जाण्यास बारा दिवस लागतात. हिरण्यकेशीसारख्या लहान नदीचा पूर दोन-तीन दिवसांत चढून उतरतो. पाण्याने सर्वोच्च पातळी गाठली त्या तासाला उपग्रह वर असेलच असे नाही, आणि बहुधा तो नसतोच. शिवाय गावातील अरुंद गल्ल्यांत रडारचा प्रतिध्वनी भिंतींवरून उलटसुलट होतो व तेथील पाणी नीट उमटत नाही. उसाचेही तसेच. नदीकाठी बहुतेक ऊस आहे. पुरुषभर उंचीच्या फडात कमरेइतके पाणी उभे असले, तरी वरून पाहणाऱ्या रडारला बहुतांशी उसाचा पालाच दिसतो. उपग्रहाच्या नकाशात जे शेत कोरडे दिसते, तेथील शेतकरी पाणी होते असे सांगत असेल, तर त्यास खोटे ठरविण्यापूर्वी ही गोष्ट विचारात घ्यावयास हवी.

उपग्रहाला न दिसलेली सर्वोच्च पातळी एका ठिकाणी मात्र नोंदलेली असते, घरांच्या भिंतींवर.

पुराच्या खुणा

पूर ओसरल्यावर भिंतीवर मातकट पट्टा राहतो. पहिल्या रंगाबरोबर तो जातो. काही जुन्या घरांत व देवळांत वडीलधाऱ्यांनी कोरून ठेवलेल्या रेघा आढळतात; त्यांवर वर्ष असते किंवा नसतेही. अशा खुणा म्हणजे फुकट मिळालेले मोजमाप होय. त्यांची उंची एकदा तलचिन्हाशी जोडली की १ : ५०,००० च्या नकाशाने मोकळा सोडलेला पट्टा भरून निघतो. महाराष्ट्रात १९८९ च्या परिपत्रकापासून पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत आहे. या रेषा पर्जन्याच्या गणितावरून काढल्या जातात. गणित बरोबर आले की नाही हे पडताळण्यास भिंतीवरील खुणेइतका निःपक्षपाती साक्षीदार नाही.

हे काम खर्चिक नाही. गवंडी पायाची आखणी करताना पाणी भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात, तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते. तेवढ्यावर एका भिंतीवरील खुणेची पातळी समोरच्या भिंतीवर, तेथून पुढच्या घरावर, अशी गल्लीभर नेता येते. माध्यमिक शाळेचे शिक्षक आठवी-नववीच्या मुलांकडून एका दुपारी एक गल्ली पूर्ण करून घेऊ शकतात. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, एवढी काळजी घ्यावी. एक बुडबुडा सगळी दुपार वाया घालवितो. प्रत्येक खुणेजवळ वर्ष, महिना, शक्य तर दिवस व सांगणाऱ्याचे वय लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडल्यास दोन्ही लिहावे, मधले काढू नये. २००५, २०१९ व २०२१ ही तीन वर्षे लोकांच्या स्मरणात असल्याने प्रारंभ त्यांपासून करणे सोयीचे पडेल. शेवटी नगरपालिकेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने गल्लीतील एकच बिंदू जवळच्या तलचिन्हाशी जोडून द्यावा, म्हणजे सगळ्या खुणांना समुद्रसपाटीची उंची मिळते.

संकेश्वरात हे काम कन्नड व मराठी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांनी मिळून करावे, कारण नोंदवही कोणत्याही भाषेत असली तरी आकडे तेच येणार आहेत. गावांची नावे मात्र दोन्ही लिपींत लिहावीत. इंग्रजीत एकाच गावाची तीन-तीन रूपे संगणकात शिरतात आणि यंत्राला ती तीन गावे वाटतात. यासाठी स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाचा क्रमांक सोबत लिहिणे हाच खात्रीचा उपाय आहे.

बंधाऱ्यांची नोंद

आजरा व गडहिंग्लज तालुक्यांत हिरण्यकेशीवर कोल्हापूर पद्धतीचे अनेक बंधारे असून ऐनापूर, निलजी व नांगनूर येथील बंधारे परिचित आहेत. वरच्या भागातील चित्री धरणातून उन्हाळ्यात सोडलेले पाणी या बंधाऱ्यांत टप्प्याटप्प्याने अडविले जाते. पावसाळा संपताना गाळ्यांत बरगे बसवावयाचे व पावसाळ्यापूर्वी काढावयाचे, असा क्रम आहे. उन्हाळ्यात खालच्या गावास पाणी किती पोहोचेल आणि जूनच्या पहिल्या लोंढ्यात पाणी किती तुंबेल, या दोन्ही गोष्टी बरग्यांवर अवलंबून असतात. असे असता नकाशावर बंधारा म्हणजे नदीवर मारलेली एक आडवी रेघ असते, त्यापलीकडे काही नाही.

भौगोलिक माहिती प्रणालीत त्या रेघेमागे कोष्टक जोडता येते. त्यात बंधाऱ्याच्या तळाची व माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, गाळ्यांची संख्या, बरग्यांची संख्या व त्यांतील मोडके किती, देखभाल कोणाकडे, पाणी किती अंतरापर्यंत मागे चढते, हे लिहावे. त्याखेरीज दोन तारखांसाठी दरवर्षी दोन रकाने ठेवावेत. बरगे बसविल्याची तारीख व काढल्याची तारीख. कोष्टक कोल्हापूर व बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या पाटबंधारे कार्यालयांना एकाच वेळी दिसेल असे असावे. खालच्या बंधाऱ्याचे बरगे निघण्यापूर्वी वरचे निघाले की मधल्या गावांच्या शेतांत पाणी चढते, आणि कोणते आधी निघाले याविषयी नंतर उभय बाजूंनी मतभेद होतात. तारीख रकान्यात असेल तर तो वाद तेथेच थांबेल. दर वर्षी मेअखेरीस, वळवाचे पाऊस सुरू असतानाच, दोन्ही बाजूंच्या पाटकऱ्यांनी आपापल्या बंधाऱ्यावरून हा रकाना भरावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शाखा अभियंत्यांनी तो तपासून घ्यावा.